मधल्या दाराने प्रवेश आणि सामाईक परीक्षेचे गुण : एक आढावा

हैदराबादच्या नारायणगुड्यात पिढ्यानपिढ्या नांदत आलेल्या मराठी कुटुंबांचे पूर्वज मराठवाड्याच्या जिल्ह्यांतून निजामाच्या राजधानीत वकिली, मास्तरकी किंवा दफ्तरातील चाकरी करण्यासाठी आले. आणि या कुटुंबांच्या जीवनात शिक्षणसंस्थांचे स्थान देवळांच्या खालोखाल राहिले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर (१८६७–१९३२) यांच्या स्मरणार्थ १९४० साली येथे उभी राहिलेली केशव मेमोरियल संस्था, तिच्या छत्राखाली २००७ पासून चालणारे आणि जवाहरलाल नेहरू तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न असलेले अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि आसपासची कनिष्ठ महाविद्यालये व शिकवणी-वर्ग यांमुळे प्रवेशाचा विषय या वस्तीत बारमाही चर्चेत असतो. परंतु ही चर्चा बहुधा पहिल्या वर्षाच्या प्रवेशाभोवतीच घोटाळते. तीन वर्षांची पदविका हाती घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट येणारा, किंवा एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाऊ पाहणारा जो विद्यार्थी, त्याची योग्यता कशाने मोजावी, त्याने आजवर मिळवलेल्या गुणांनी की सर्वांसाठी एकाच दिवशी घेतलेल्या सामाईक परीक्षेने, हा प्रश्न मात्र तुलनेने उपेक्षित आहे. दोन शेजारी राज्यांनी, तेलंगणाने आणि महाराष्ट्राने, याची परस्परविरुद्ध उत्तरे दिली असल्यामुळे, ज्यांचे नातेगोते सीमेच्या दोन्ही बाजूंस पसरलेले आहे त्या मराठी वाचकाला या वादाची आजची स्थिती समजून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वपीठिका

विद्यार्थ्याने एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात जाणे ही गोष्ट हैदराबादच्या मराठी समाजाला नवी नाही. १९३८ च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली, विद्यार्थ्यांनी ती जुमानली नाही, आणि शेकडो तरुणांना विद्यापीठाचे दरवाजे बंद झाले, तेव्हा कुलगुरू टी. जे. केदार यांच्या नागपूर विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही त्या बहिष्कृतांपैकीच. त्या वेळी सामाईक परीक्षा नव्हती. मागील विद्यापीठातील शिक्षणाची नोंद आणि घेणाऱ्या विद्यापीठाचा विवेक एवढ्यावरच प्रवेश ठरला. तो प्रसंग असामान्य होता हे मान्य करूनही त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते, ती ही की, स्थलांतर करणाऱ्या विद्यार्थ्यापाशी नवागतापेक्षा काही अधिक असते: त्याने उच्च शिक्षणाचा काही भाग प्रत्यक्ष पार पाडलेला असतो, आणि तो किती चांगल्या रीतीने पार पाडला याचा दाखला त्याच्याबरोबर येतो. आजच्या सगळ्या वादाचे मूळ या दाखल्याच्या विश्वासार्हतेत आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात तंत्रनिकेतने वाढली. दहावीनंतर तीन वर्षांत पदविका घेऊन मुलाने लवकर कमावते व्हावे, ही मध्यम आणि कनिष्ठ-मध्यम घरांची अपेक्षा त्यांनी बऱ्याच अंशी पुरी केली. पुढे पदवीवाचून बढती अडते हे ध्यानात आल्यावर पदविकाधारकांना पदवीच्या दुसऱ्या वर्षात सामावून घेण्याची तजवीज झाली, आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने त्यासाठी मंजूर जागांव्यतिरिक्त काही टक्के जास्तीच्या जागांची मुभा दिली. सध्या हे प्रमाण १० टक्के आहे. मध्यंतरी काही वर्षे ते २० टक्केही होते. याखेरीज पहिल्या वर्षी ज्या जागा रिकाम्या राहतात त्याही या वाटेने भरता येतात. मागणी जागांहून अधिक झाली तेव्हा क्रम लावणे भाग पडले, आणि क्रम कोणत्या मापाने लावावा हे ठरवण्याचे काम राज्यांकडे आले.

एकाच अभ्यासक्रमात महाविद्यालयातून महाविद्यालयात होणारी बदली ही याहून निराळी. तेथे पुन्हा परीक्षा घेतली जात नाही. दोन्ही महाविद्यालयांची ना-हरकत, रिकामी जागा आणि विद्यापीठाची मंजुरी एवढ्यावर ते प्रकरण निकालात निघते. वैद्यकीय शिक्षणात तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीने असे स्थलांतर मुळातच वर्ज्य ठरवले. म्हणून परीक्षेच्या भूमिकेचा खरा प्रश्न उरतो तो पदविकेतून पदवीकडे येणाऱ्यांपुरता, आणि यापुढील विवेचन मुख्यत्वे त्यांच्याविषयीच आहे.

तेलंगणाची रीत

संयुक्त आंध्र प्रदेशाच्या काळापासून चालत आलेली आणि २०१५ पासून तेलंगणाने स्वतंत्रपणे घेतलेली ‘ईसेट’ ही परीक्षा पदविकाधारकांना, तसेच गणित विषय घेऊन बी.एस्सी. झालेल्यांना, अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचे दार उघडून देते. पूर्वी ती जवाहरलाल नेहरू तंत्रशास्त्र विद्यापीठ घेत असे. अलीकडील वर्षांत ही जबाबदारी उस्मानिया विद्यापीठाकडे आहे. अभियांत्रिकी पदविकाधारकासाठी तीन तासांत २०० प्रश्न आणि २०० गुण: गणिताचे ५०, पदार्थविज्ञानाचे २५, रसायनाचे २५, आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शाखेचे १००. किमान पात्रता २५ टक्के गुणांची, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना तीही अट नाही. पदविकेत ४५ टक्के, राखीव प्रवर्गांस ४० टक्के, हे बसण्यासाठी लागणारे किमान गुण; ते मिळवले की पदविकेच्या गुणपत्रिकेचे काम संपते. क्रमांक लागतो तो केवळ त्या तीन तासांवर.

ही रीत समजून घेताना तेलंगणाचा एकंदर स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. येथे तंत्रनिकेतनात शिरतानाही ‘पॉलिसेट’ द्यावी लागते. बारावीनंतर अभियांत्रिकीला जाताना पूर्वीची ‘एमसेट’ आणि आता तिचेच नाव बदललेली ‘ईएपीसेट’ द्यावी लागते. संयुक्त आंध्राने १९८० च्या दशकात हा सामाईक परीक्षांचा मार्ग स्वीकारला, आणि त्यानंतर दोन पिढ्या परीक्षेच्या क्रमांकावर वाढल्या. मधल्या काळात एमसेटच्या क्रमांकात बारावीच्या गुणांना २५ टक्के स्थान होते; ते २०२३ मध्ये कायमचे काढून टाकण्यात आले. केंद्रीय पातळीवर जेईईच्या क्रमांकातही २०१३ पासून बारावीच्या गुणांना ४० टक्के भार होता, आणि निरनिराळ्या मंडळांच्या गुणांची सांगड घालण्याच्या खटाटोपात चार वर्षांनी, २०१७ मध्ये, तोही गेला. शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या गुणांना परीक्षेबरोबर मोजण्याचे दोन्ही प्रयोग झाले आणि दोन्ही मागे घेण्यात आले, ही गोष्ट ईसेटच्या वादात दोन्ही पक्षांकडून सारख्याच आग्रहाने सांगितली जाते.

नारायणगुड्यातील मराठी घराला येथे आणखी एक अडचण भेटते, आणि तिचा परीक्षेशी संबंध नसला तरी परिणाम परीक्षेहून मोठा होऊ शकतो. १९७४ च्या राष्ट्रपती आदेशानुसार ८५ टक्के जागा स्थानिकांच्या, आणि स्थानिकत्वाची मुख्य कसोटी पात्रता-परीक्षेपर्यंतचे सलग चार वर्षांचे शिक्षण ही. जो मुलगा दहावीपर्यंत हैदराबादेत शिकून मामाकडे नांदेडला पदविकेसाठी गेला, तो परतल्यावर या कसोटीवर उणा पडतो. त्याचा ईसेटचा क्रमांक चांगला असूनही त्याच्यापुढील जागा आखडतात. परीक्षा सर्वांसाठी एकच असली तरी तिचे मोल सर्वांना एकसारखे मिळत नाही, हे पालकांनी मुलाला सीमेपार धाडण्यापूर्वीच जाणून घेतले पाहिजे.

महाराष्ट्राची रीत

महाराष्ट्रात बारावीच्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकीसाठी सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पण पदविकाधारकाला ‘थेट द्वितीय वर्ष’ प्रवेशासाठी कोणतीही परीक्षा नाही. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या देखरेखीखाली पदविकेच्या टक्केवारीवर गुणवत्ता यादी लागते, तीवर विकल्प भरले जातात आणि फेऱ्यांतून जागा मिळतात. तंत्रनिकेतनाचा प्रवेशही दहावीच्या गुणांवर. तेलंगणात दोन्ही दारांशी परीक्षा, महाराष्ट्रात दोन्ही दारांशी गुणपत्रिका, असा हा स्वच्छ विरोध आहे.

महाराष्ट्राच्या रीतीमागील विचार असा की, राज्य तंत्रशिक्षण मंडळ सबंध राज्यात एकाच अभ्यासक्रमाची, एकाच वेळापत्रकाने, एकच प्रश्नपत्रिका काढून लेखी परीक्षा घेते. मग चंद्रपूरचा आणि कोल्हापूरचा विद्यार्थी सहा सत्रांत सहा वेळा समान कसोटीस उतरलाच आहे, आणि सातवी कसोटी अनावश्यक आहे. या युक्तिवादात तथ्य आहे. मात्र त्याला दोन छिद्रे आहेत. एक, गुणांचा मोठा भाग प्रात्यक्षिक, सत्रकार्य व अंतर्गत चाचण्यांचा असून तो महाविद्यालयाच्या हाती असतो. दुसरे, पुणे-मुंबईसारख्या ठिकाणच्या शासकीय स्वायत्त तंत्रनिकेतनांच्या परीक्षा त्यांच्या त्यांच्या असतात, आणि त्यांचे गुण मंडळाच्या गुणांशी एका यादीत बसवले जातात. कोविडच्या काळात परीक्षा घरी बसून ऑनलाइन झाल्या तेव्हा ही छिद्रे सर्वांच्या दृष्टीस पडली.

त्याच काळात महाराष्ट्रात परीक्षेच्या बाजूने एक पाऊल पडले होते, तेही नोंदवले पाहिजे. २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली तेव्हा अकरावीसाठी सामाईक परीक्षा घेण्याचे शासनाने मे महिन्यात जाहीर केले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये ती अधिसूचना रद्द ठरवली. तो निकाल शालेय प्रवेशाचा होता, तांत्रिक पदवीचा नव्हे. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१६ च्या मॉडर्न डेंटल कॉलेज प्रकरणात, व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी सामाईक परीक्षा घेण्याचा राज्याचा अधिकार पारदर्शक व न्याय्य प्रवेशाच्या हेतूने मान्य केला. म्हणजे परीक्षा घेण्याची मुभा राज्याला आहे. ती घ्यावी की नाही हा धोरणाचा प्रश्न आहे.

इतरत्र काय चालते

कर्नाटकात पदविकाधारकांसाठी डीसीईटी आहे, पश्चिम बंगालमध्ये जेलेट. तमिळनाडूने २००६ च्या कायद्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांची राज्य प्रवेश परीक्षाच रद्द केली, आणि दुसऱ्या वर्षाचा प्रवेशही तेथे पदविकेच्या गुणांवर होतो. सर्वांत बोलका आहे तो गुजरातचा अनुभव: तेथे वर्षानुवर्षे पदविकेच्या गुणांवर प्रवेश होत असे, आणि २०२४ पासून त्या राज्याने पदविकाधारकांसाठी डीडीसीईटी ही परीक्षा सुरू केली. महाराष्ट्राचे शेजारी राज्य महाराष्ट्राची वाट सोडून तेलंगणाच्या वाटेला लागले, याचे परिणाम पुढील काही वर्षांत दिसू लागतील.

अमेरिकेत हा वाद निराळ्या पायावर चालतो. ज्या विद्यार्थ्याने एखाद्या महाविद्यालयात वर्षभर किंवा अधिक शिक्षण पुरे केले आहे, त्याच्याकडून तेथील अनेक विद्यापीठे सॅट किंवा ॲक्टचे गुण मागतच नाहीत. महाविद्यालयातील श्रेणी हाच अधिक जवळचा पुरावा, असे ती मानतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने मे २०२० मध्ये या परीक्षांचा आधार सोडण्याचे ठरवले आणि पुढच्या वर्षीच्या न्यायालयीन समझोत्यानंतर प्रवेशात त्यांचा विचारच थांबवला. आणि हे ठरले तेव्हा त्याच विद्यापीठाच्या प्राध्यापक-समितीचा अहवाल परीक्षेचे गुण पुढील यशाचा अंदाज देण्यास उपयोगी पडतात असे सांगत होता. उलट, मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने २०२२ मध्ये परीक्षेची अट परत आणली, आणि डार्टमथ, येल, हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये तोच मार्ग धरला. ज्या मराठी कुटुंबांची मुले तिकडे कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे काढून विद्यापीठात जाऊ पाहतात, त्यांना प्रत्येक विद्यापीठाचा नियम स्वतंत्रपणे पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

पक्ष आणि प्रतिपक्ष

परीक्षेचे समर्थक प्रथम समतेचा मुद्दा मांडतात. अंतर्गत गुण सढळ हाताने देणारी खासगी तंत्रनिकेतने आणि हात आखडता घेणारी शासकीय तंत्रनिकेतने यांच्या विद्यार्थ्यांची तुलना गुणपत्रिकेवरून केली, तर कठोर शिक्षकाच्या हाताखाली प्रामाणिकपणे शिकलेल्या मुलावरच अन्याय होतो, असे ते म्हणतात, आणि हा अन्याय काल्पनिक नाही. दुसरा मुद्दा संधीचा: पदविकेच्या पहिल्या वर्षी, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या वयात, ज्याची घसरण झाली, त्याला तीन वर्षांच्या सरासरीतून सुटका नसते, परीक्षा त्याला नवी बाजू मांडू देते. तिसरा मुद्दा गणिताचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत वजनदार आहे. पदविकेच्या अभ्यासक्रमात गणित आरंभीच्या सत्रांत आटोपते, नंतर हात यंत्रांकडे आणि आराखड्यांकडे वळतात. दुसऱ्या वर्षात थेट शिरणाऱ्याचे पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित चुकलेलेच असते, आणि तिसऱ्या सत्रात त्याची गाठ त्या गणिताच्या पुढच्या भागाशी पडते. ईसेटच्या निमित्ताने तो निदान काही महिने मॅट्रिक्स, कलनशास्त्र आणि लाप्लास रूपांतरे यांच्याशी पुन्हा झुंजतो, आणि तसा वर्गात येतो.

विरोधकांचे म्हणणे याच ठिकाणी सुरू होते. तीन वर्षांच्या कामाची पारख तीन तासांच्या बहुपर्यायी प्रश्नांवर सोपवली की, कार्यशाळेत लेथवर उत्तम काम करणारा, सर्वेक्षणात अचूक नोंदी घेणारा विद्यार्थी मागे राहतो. त्याचे जे खरे कसब, ते पर्यायाच्या गोलात मावत नाही. शिवाय परीक्षा म्हटली की शिकवणी आली. शेवटचे सत्र हे पदविकेतील प्रत्यक्ष औद्योगिक प्रशिक्षणाचे आणि प्रकल्पाचे, आणि नेमके त्याच महिन्यांत विद्यार्थ्याचे चित्त शिकवणी-वर्गाकडे लागलेले असते. ज्याच्या घरी शिकवणीचे शुल्क भरण्याची ऐपत नाही किंवा ज्याला संध्याकाळी काम करावे लागते, त्याची स्थिती अधिकच बिकट. पदविकेकडे वळणारी मुले बहुधा याच घरांतली असतात, ही गोष्ट विसरून समतेचा विचार पुरा होत नाही.

या दोन पक्षांत एक तिसरा विचार आहे, आणि तो जितका चर्चिला जावा तितका चर्चिला जात नाही. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाने कर्नाटकात दुसऱ्या वर्षात येणाऱ्या पदविकाधारकांसाठी गणिताचे पूरक अभ्यासक्रम अनिवार्य केले आहेत. त्यामागील दृष्टी अशी की, उणीव आहे हे आधीच माहीत आहे. मग ती दाराशी तपासून विद्यार्थ्याला परतवण्याऐवजी आत घेऊन भरून काढावी. कर्नाटकात प्रवेशपरीक्षाही आहे आणि पूरक गणितही आहे, यावरून या दोन गोष्टी परस्परांना पर्याय नाहीत हे दिसते. परंतु परीक्षेच्या समर्थनार्थ जो गणिताचा युक्तिवाद केला जातो, त्याची बरीचशी धार या व्यवस्थेने कमी होते हे नाकारता येणार नाही. क्रम लावणे आणि उणीव शोधणे ही दोन भिन्न कामे आहेत; एकाच परीक्षेकडून ती दोन्ही करून घेण्याचा आग्रह धरल्याने अनेक वादविवाद निष्फळ झाले आहेत, असे मला वाटते.

जे अद्याप ठरलेले नाही

पहिला अनिर्णित प्रश्न भाकिताचा आहे. ईसेटचा क्रमांक आणि पदविकेची टक्केवारी यांपैकी पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातील यशाशी कोणाचे नाते अधिक घट्ट आहे? अमेरिकेत या प्रकारच्या अभ्यासांनी परस्परविरोधी निष्कर्ष काढले: सॉल गायझर यांच्या कॅलिफोर्नियातील संशोधनाने शालेय श्रेणींना झुकते माप दिले, तर २०२४ साली निवडक विद्यापीठांविषयी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने परीक्षेच्या गुणांना. या दोहोंचा विषय शाळेतून येणारे विद्यार्थी हा होता. महाविद्यालयातून महाविद्यालयात येणाऱ्यांना ते निष्कर्ष जसेच्या तसे लावणे सयुक्तिक होणार नाही. शिवाय, जे निवडले गेले त्यांचेच पुढचे गुण आपल्याला दिसतात, जे नाकारले गेले त्यांचे नाहीत, ही अशा सर्व अभ्यासांची अंगभूत मर्यादा आहे.

दुसरा प्रश्न भाराच्या वाटणीचा. दोन्ही मापे एकत्र घ्यायची तर कोणत्या प्रमाणात? एमसेट आणि जेईई यांचे पूर्वीचे प्रयोग मागे घ्यावे लागले ते अनेक मंडळांच्या गुणांची तुलना करण्याच्या अडचणीमुळे. परंतु तेलंगणातील बहुतेक पदविकाधारक एकाच राज्य तंत्रशिक्षण मंडळाचे असतात, तेव्हा ती अडचण येथे पुष्कळच सौम्य आहे. लेखी परीक्षेचे गुण तेवढे घेऊन अंतर्गत गुण वगळले, तर महाराष्ट्राच्या पद्धतीतील एक छिद्रही बुजते. तरीही स्वायत्त तंत्रनिकेतने आणि परराज्यातून येणारे विद्यार्थी यांचा प्रश्न शिल्लक राहतोच.

तिसरा प्रश्न येऊ घातलेला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणि २०२१ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी श्रेयांकांची पेढी उघडली. विद्यार्थ्याने एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक दुसरीत जमा धरले जावेत आणि शिक्षण मध्ये थांबवून पुन्हा सुरू करता यावे, हा त्यामागील हेतू. ही व्यवस्था खऱ्या अर्थाने रुजली तर मधल्या दाराने येणाऱ्यांची संख्या वाढेल. पण श्रेयांक मान्य करणे आणि जागा देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. संगणकशास्त्रासारख्या शाखेत जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ असताना, श्रेयांकांची पेढी क्रम कशी लावणार, याचे उत्तर धोरणात नाही. ते पुन्हा राज्यांनाच द्यावे लागेल.

या सर्व विवेचनातून माझे मत असे बनले आहे की, ज्याच्यापाशी तीन वर्षांचा अभिलेख आहे त्याच्या क्रमांकात त्या अभिलेखाला शून्य स्थान देणे हे तेलंगणाच्या पद्धतीचे उणेपण होय, आणि महाविद्यालयाच्या हातातील गुण न तपासता यादीत घेणे हे महाराष्ट्राच्या पद्धतीचे. यांतील कोणते उणेपण अधिक हानिकारक, हे तर्काने ठरणार नाही. आकड्यांनीच ठरेल, आणि ते आकडे शासनाच्या दफ्तरांत पडून आहेत. तेलंगणाच्या उच्च शिक्षण परिषदेपाशी ईसेटचे क्रमांक आहेत, तंत्रशिक्षण मंडळापाशी पदविकेचे गुण आहेत, तंत्रशास्त्र विद्यापीठापाशी पदवीचे निकाल आहेत. महाराष्ट्रातही प्रवेश परीक्षा कक्ष, तंत्रशिक्षण मंडळ आणि विद्यापीठे यांच्यापाशी तत्सम नोंदी आहेत. विद्यार्थ्यांची नावे वगळून या तिन्ही दफ्तरांची सांगड घालावी, किमान पाच वर्षांच्या तुकड्यांचा अहवाल दोन्ही राज्यांनी प्रसिद्ध करावा, आणि तो मराठी व तेलुगू भाषांत पालकांच्या हाती पडेल अशी व्यवस्था करावी, अशी या दोन्ही शासनांना माझी विनंती आहे.